मनाचे आजार आणि आपले घर

(जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने एका व्याख्यानमालेत ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांना मी एकच प्रश्न विचारला होता. मनाच्या आजारांवर बोलायला डॉक्टरांना बोलावण्याऐवजी माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधर पत्रकाराला का बोलावता? त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, ‘‘डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले की लोक येत नाहीत. कोणी पाहिले तर काय म्हणेल, असे त्यांना वाटते.’’ हे उत्तर ऐकले आणि मी निमंत्रण स्वीकारले. मधुमेहावरील व्याख्यानाला आपण सहकुटुंब जातो, हृदयविकारावरील व्याख्यानात वही-पेन घेऊन टिपणे काढतो. आणि मनाच्या आजारावरील व्याख्यानाला जाताना मात्र शेजाऱ्याच्या नजरेची भीती वाटते. आजच्या विषयातील निम्मी अडचण या एका गोष्टीत आहे.

पत्रकाराचा संबंध शब्दांशी. म्हणून सुरुवात शब्दांपासूनच करतो. मराठी भाषा मोठी संपन्न. पावसाच्या सरींना, भाताच्या वाणांना, नात्यागोत्यांना आपल्याकडे किती नावे आहेत! पण मनाच्या आजाराला मात्र आपण सर्रास एकच शब्द वापरत आलो, तो म्हणजे ‘वेड’. पुण्याकडचा माणूस ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतो, मुंबईकडचा ‘ठाण्याला भरती करा’ म्हणतो, आणि सगळे हसतात. परीक्षेच्या भीतीने झोप उडालेला विद्यार्थी, बाळंतपणानंतर विनाकारण रडणारी सून, दिवसातून चाळीस वेळा हात धुणारे काका आणि कानात आवाज ऐकू येणारा तरुण या सर्वांना आपण एकाच कप्प्यात टाकतो. त्याचे दोन दुष्परिणाम होतात. ज्याचा आजार सौम्य असतो, तो ‘मी काय वेडा आहे?’ असे म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतो. ज्याचा आजार तीव्र असतो, त्याच्या बाबतीत घरचेच ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून हात टेकतात. दोघेही उपचारांवाचून राहतात.

आमच्या व्यवसायातही शब्दांची हीच गत आहे. वर्षानुवर्षे जिल्हा पानांवर एक ठरलेले वाक्य छापून येत असे, ‘पोटदुखीला कंटाळून आत्महत्या’. पोलिसांच्या पंचनाम्यातून ते वाक्य बातमीत यायचे. पुढे त्याची जागा ‘नैराश्यातून’ या शब्दाने घेतली. परंतु नैराश्य म्हणजे नेमके काय, ते ओळखता येते का, त्यावर औषध आहे का, हे त्या बातमीत क्वचितच असते. ते सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

प्रश्न किती मोठा?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. त्यात आढळले की, अठरा वर्षांवरील सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. म्हणजे दहांत एक. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपण निराळे आहोत, असे मानण्याचे काहीही कारण नाही. या सभागृहातील प्रत्येक रांगेकडे नजर टाका, आणि दहांत एक हे प्रमाण मनात आणा. याच सर्वेक्षणाची दुसरी आकडेवारी अधिक गंभीर आहे. निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते. हृदयविकाराच्या दहापैकी आठ रुग्णांना औषध मिळत नाही, अशी बातमी आली असती तर संसदेत गदारोळ झाला असता. येथे कोणाला त्याचे विशेष काही वाटले नाही.

या उपेक्षेची किंमतही नोंदलेली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, आणि राज्यवार यादीत २२,७४६ या आकड्यासह पहिला क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा होता. त्या वर्षी आत्महत्या केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. आत्महत्येची कारणे अनेक असतात. कर्ज असते, छळ असतो, असाध्य दुखणे असते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो, असे म्हणणे हे त्या माणसाच्या परिस्थितीवर पांघरूण घालण्यासारखे होईल. परंतु ज्यांच्या बाबतीत आजार होता आणि तो वेळेत ओळखला असता तर माणूस वाचला असता, अशांची संख्या लहान नाही.

उदासी आणि नैराश्य

आता सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या विकारांकडे वळू. पहिला विकार नैराश्याचा.

दु:ख होणे हा आजार नव्हे. आप्ताचा मृत्यू झाला, नोकरी गेली, तर माणूस खचणारच. न खचला तरच नवल. परंतु उदासी जेव्हा दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ ठाण मांडून बसते आणि ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटत होता त्यांतला रसच निघून जातो, तेव्हा तिला आजार म्हणून पाहावे लागते. त्याच्या जोडीला झोप बिघडते. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. भूक मंदावते, किंवा क्वचित वाढते. अंगातले त्राण गेल्यासारखे वाटते. साधा निर्णय घेता येत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. आपण निरुपयोगी आहोत, सर्वांना ओझे झालो आहोत, अशी अपराधी भावना छळते. आणि शेवटी, जगण्यात काही अर्थ नाही, असे विचार येऊ लागतात.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. आपला माणूस डॉक्टरांसमोर बसून ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड झाले आहे, अंग मोडून येते, पोटात गॅस धरतो, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. मग रक्ताच्या तपासण्या होतात, कार्डिओग्राम निघतो, टॉनिकच्या बाटल्या येतात आणि शेवटी ‘काही नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून त्याची बोळवण होते. वस्तुत: ते दुखणे खोटे नसते. मन दुखावले की शरीर खरोखरच दुखते. मघाशी मी ‘पोटदुखीला कंटाळून’ म्हटले ना, त्यातल्या किती पोटदुख्या अशा असतील, याचा विचार करावा. अर्थात, उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. थायरॉइडचे कार्य मंदावणे, रक्तक्षय, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असाच थकवा आणि उदासपणा येतो. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ आधी या तपासण्या करून घेतो.

नैराश्य प्रत्येक घरात निराळ्या वेषात येते. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत पुष्कळ स्त्रियांना रडू येते, चिडचिड होते; ती बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. पण ती टिकून राहिली, बाळाविषयी मायाच वाटेनाशी झाली, तर तो आजार आहे. अशा वेळी ‘आम्ही चार-चार मुले वाढवली, आम्हांला नाही असले काही झाले’ हे सासूबाईंचे वाक्य त्या मुलीला अधिक खोल ढकलते. निवृत्त झालेल्या आजोबांचे न बोलणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. पुरुषाचे नैराश्य तर पुष्कळदा रागातून आणि मद्याच्या पेल्यातून प्रकट होते. घरच्यांना दारू दिसते, तिच्यामागचा आजार दिसत नाही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात.

चिंतेची नाना रूपे

दुसरा गट चिंतेच्या विकारांचा. चिंता हा निसर्गाने दिलेला पहारेकरी आहे. पण पहारेकरी जेव्हा वाऱ्याने दार वाजले तरी रात्रभर शिट्ट्या फुंकत बसतो, तेव्हा घरातील कोणालाच झोप लागत नाही. काही जणांना सहा-सहा महिने सतत काळजी लागून राहते. मुलाला यायला दहा मिनिटे उशीर झाला की अपघाताचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. काहींना भीतीचे झटके येतात. अचानक छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास कोंडतो आणि आता आपण मरणार असे वाटते. काही मिनिटांत ती लाट शिगेला पोहोचते आणि ओसरते. पहिल्यांदा असे झाले तर हृदयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. पण ती तपासणी निर्दोष निघूनही झटके येत राहिले, तर पुन:पुन्हा हृदयरोगतज्ज्ञांच्या पायऱ्या चढण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. अन्यथा माणूस लोकलमध्ये चढायला भितो, मग बाजारात जायला भितो, आणि शेवटी घराबाहेरच पडत नाही.

याच्याच शेजारचा विकार म्हणजे मंत्रचळ. मनात नको असलेला विचार पुन:पुन्हा घुसतो आणि त्यातून सुटका मिळावी म्हणून एखादी कृती पुन:पुन्हा करावी लागते. कुलूप लावले की नाही, गॅसचे बटण बंद केले की नाही, हे वीस वेळा पाहायचे. हात धूत राहायचे. आपल्या घरांत हा विकार सोवळ्याच्या आड सहज लपतो. ‘आमच्या वहिनींचे सोवळे फार कडक’ असे कौतुकाने सांगितले जाते, आणि वहिनी मात्र नळाखाली हात धरून मनातल्या मनात रडत असतात. दोहोंतील फरक साधा आहे. आचार पाळल्यावर माणसाला समाधान मिळते. मंत्रचळात समाधान मिळतच नाही. ‘अजून नीट झाले नाही’ हीच बोचणी उरते, आणि तिच्यात दिवसाचे तासन्‌तास जातात. देवासमोर बसले असता मनात अभद्र विचार येतात म्हणून स्वत:ला पापी समजणारे रुग्णही असतात. त्यांना सांगायला हवे की, ज्या विचारांची तुम्हांला इतकी शिसारी येते, ते विचार तुमच्या आजाराचे आहेत, तुमच्या श्रद्धेचे वा चारित्र्याचे नाहीत.

तीव्र विकारांविषयी थोडक्यात सांगतो. स्किझोफ्रेनियात रुग्णाला नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी पक्की समजूत होते, आणि आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही. द्विध्रुवी विकारात नैराश्याचे आणि अतिउत्साहाचे कालखंड आलटून पालटून येतात. हे आजार तुलनेने कमी लोकांना होतात, पण औषधाशिवाय ते आटोक्यात येत नाहीत आणि जितक्या लवकर उपचार सुरू होतील तितका लाभ अधिक. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ मधला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. स्किझोफ्रेनिया झालेला माणूस आणि त्याचे घर यांचे इतके समंजस चित्रण दुर्मीळ आहे. याच जोडीने नैराश्यावर केलेल्या ‘कासव’ला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतील सुवर्णकमळ मिळाले. मराठी समाज या विषयावर बोलूच शकत नाही, असे नाही. पडद्यावर पाहिलेले घरात बोलायचे राहते, एवढेच.

कारण एक नसते

‘असे का झाले?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याच्या पोटात ‘कोणाचे चुकले?’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. मनोविकार हा अनेक धाग्यांचा पीळ आहे. आनुवंशिकतेतून आलेला कल, मेंदूतील रासायनिक आणि चेतासंस्थेच्या कार्यातील बदल, बालपणीचे आघात, स्वभावाची ठेवण, सध्याचे ताण आणि एकटेपणा हे सर्व त्यात असते. ‘मेंदूत एक रसायन कमी झाले म्हणजे नैराश्य’ असे सोपे समीकरण काही काळ सांगितले जात होते. आज शास्त्रज्ञ ते तसे मांडत नाहीत. म्हणून कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आईच्या लाडाने, बापाच्या धाकाने किंवा मनाच्या दुबळेपणाने स्किझोफ्रेनिया होत नसतो.

उपचार आणि गैरसमज

आता उपचार. येथे आपल्या परंपरेची एक आठवण करून देतो. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय, म्हणजे श्रद्धेच्या आधाराने. युक्तिव्यपाश्रय, म्हणजे औषध आणि आहार यांच्या योजनेने. आणि सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून परावृत्त करून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने औषध वगळले नाही आणि मनाशी करावयाचे कामही वगळले नाही. आज परंपरेचे नाव घेऊन जो रुग्णाला केवळ अंगारे-धुपाऱ्यांवर ठेवतो, तो त्या परंपरेचा दोनतृतीयांश भाग टाकून देत असतो.

आधुनिक औषधांच्या इतिहासातही भारताचे एक पान आहे. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उन्माद आणि रक्तदाब यांवरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि काही काळ ते जगभर मनोविकारांवर वापरले गेले. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि ते मागे पडले. मनोविकारांसाठी आज ते जवळजवळ कोणी देत नाही. अभिमान जरूर बाळगावा, पण ज्ञान पुढे गेले की आपणही पुढे जावे, हा त्यातला धडा.

आजच्या नैराश्यविरोधी औषधांबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, ती गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाही. दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता असे त्रास होऊ शकतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण ‘औषध सोसत नाही’ म्हणून ते सोडून देतात. दोन, बरे वाटू लागले की औषध थांबवायचे नसते. पहिल्यांदाच आजार झालेल्या रुग्णालाही बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने ते चालू ठेवावे लागते, अन्यथा आजार उलटण्याचा धोका असतो. तीन, या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण त्या एकाएकी बंद केल्यास त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. व्यसन लागू शकते ते काही झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांचे. ओळखीच्या केमिस्टकडून जुनी चिठ्ठी दाखवून त्या वर्षानुवर्षे आणणे थांबले पाहिजे. आणि चार, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

‘शॉक’ या शब्दाने तर घरे हादरतात. हिंदी चित्रपटांनी त्याचे भीषण चित्र रंगवून ठेवले आहे. प्रत्यक्षात विद्युत् उपचार हे भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून दिले जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल न देता ते देण्यास बंदीच घातली आहे. अन्नपाणी सोडलेल्या, आत्महत्येच्या टोकावर उभ्या असलेल्या रुग्णासाठी ते जीवनदायी ठरू शकतात. काही काळ स्मरणशक्तीवर परिणाम होतो, हेही खरे. ते डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे.

औषधांइतकेच महत्त्व बोलण्यातून होणाऱ्या उपचारांचे आहे. अमेरिकेत अॅल्बर्ट एलिस आणि आरन बेक यांनी गेल्या शतकाच्या मध्यास जी पद्धत विकसित केली, तिचे सूत्र असे की, घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला अधिक छळतो. ‘परीक्षेत नापास झालो’ ही घटना. ‘म्हणजे मी माणूस म्हणून नालायक’ हा अर्थ. तो अर्थ तपासून पाहायला, त्याला पुरावा मागायला उपचारक शिकवतो. एलिस यांची ही विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि आयुष्यभर तिचा प्रसार केला. मंत्रचळासाठीही अशी एक पद्धत आहे. भीतीला थोडे थोडे सामोरे जायचे आणि हात धुण्याची उबळ रोखून धरायची. अवघड आहे, पण गुणकारी आहे.

योग आणि प्राणायाम यांबद्दल आपल्या मनात आदर आहे, आणि तो योग्यच आहे. ताण आणि सौम्य चिंता यांवर त्यांचा लाभ होतो, औषधोपचारांना जोड म्हणूनही होतो. परंतु तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाला ‘रोज सूर्यनमस्कार घाल, सगळे ठीक होईल’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणे होय. आणि ज्याला आवाज ऐकू येतात, त्याला डॉक्टरांना न विचारता दीर्घ ध्यानाला बसवू नये; त्याचा त्रास वाढू शकतो.

अंधश्रद्धेची परिसीमा पाहायची असेल, तर तमिळनाडूतील एरवाडी आठवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. श्रद्धास्थानी गुण येईल म्हणून आणलेले मनोरुग्ण तेथे साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळताही आले नाही. २८ जण गेले. कोणत्याही एका पंथाकडे बोट दाखवून यातून आपल्याला मोकळे होता येणार नाही. भगत, देवऋषी, मांत्रिक आपल्याही गावांत आहेत, आणि गोठ्यात बांधून ठेवलेले रुग्णही आपल्याच घरांतले होते. आज कायद्याने अशा साखळ्यांना बंदी आहे.

घर काय करू शकते?

या अंधारात एक उजेडाची गोष्ट सांगतो. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर हे अधीक्षक होते. रुग्णालय अपुरे आणि रुग्णांना टाकून जाणारे नातेवाईक पुष्कळ, अशी स्थिती. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला सांगितले. घरच्यांना आजार समजला, भीती गेली, आणि रुग्ण बरे होऊन त्यांच्यासोबतच घरी जाऊ लागले. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला कुटुंबापासून दूर ठेवण्याचा कल होता, त्या काळात एका भारतीय डॉक्टरने कुटुंबाला उपचारांत सामील करून घेतले. आपण कुटुंबव्यवस्थेचा गौरव व्यासपीठांवरून नेहमी करतो. त्या गौरवाची परीक्षा घरातील सदस्याचे मन आजारी पडते तेव्हा होते.

या परीक्षेत आपण पुष्कळदा कोठे नापास होतो, तेही स्पष्ट सांगतो. आजार लपवून मुलाचे वा मुलीचे लग्न लावून देतो. ‘लग्न झाले की सुधारेल’ हे वाक्य आजवर किती आयुष्यांना महागात पडले आहे! लग्न हे औषध नाही. उलट तो मोठा बदल असतो, जागरणे असतात, आणि गुपित कळू नये म्हणून गोळ्या नेमक्या त्याच दिवसांत बंद केल्या जातात. आजार उफाळून येतो, समोरच्या कुटुंबाचा विश्वास तुटतो आणि रुग्ण अधिक एकटा पडतो. मनोविकार असलेल्या माणसाने लग्न करूच नये, असे मी म्हणत नाही. आजार आटोक्यात असताना, समोरच्याला पूर्ण कल्पना देऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली लग्ने उत्तम टिकतात. आक्षेप लपवण्याला आहे.

घरात कोणी खचले असेल, तर त्याचे म्हणणे ऐका. ‘इतके सगळे असताना तुला कसले दु:ख?’ असे विचारू नका. त्याला आधीच अपराधी वाटत असते. मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात घुसतो, हा गैरसमज आहे. उलट विचारल्याने माणसाला मोकळे होता येते. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘जो बोलतो तो करत नाही’ या म्हणण्यावर विसंबून राहू नका.

कार्यकर्त्यांसाठी

आता समोर बसलेल्या कार्यकर्त्यांसाठी थोडेसे. आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगत’ नावाची संस्था १९९६ पासून काम करते आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मानसोपचाराची कोणतीही पूर्वपिठिका नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना त्यांनी प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. तेथे येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी हे समुपदेशक सहा ते आठ बैठका घेत. त्यात काय करीत? नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, आणि काम सुटले की मन अधिक खचते. हे चक्र उलटे फिरवण्यासाठी लहान लहान कामे रुग्णासोबत ठरवायची. आज अंगणात दहा मिनिटे चालणे, उद्या बहिणीला फोन, परवा बागेत पाणी. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनी ३९ टक्के जण आजारातून बाहेर आले होते. या बैठकांची जोड मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ६४ टक्के होते.

मित्रहो, हे समुपदेशक आपल्यासारखेच साधे लोक होते. घरोघरी जाणे, चौकशी करणे, धरून ठेवणे हे काम आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. कोणाच्या घरी आजारपण असेल तर डबा पोहोचवतो, रक्तदात्यांची यादी बाळगतो. त्याच यादीत जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांची आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची नोंद करा. एखादा नेहमीचा सहकारी महिनाभर दिसला नाही, तर ‘ढिला पडला’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन या. मात्र प्रशिक्षणाशिवाय समुपदेशक बनू नका, आणि कळलेले चार ठिकाणी सांगू नका. गुप्तता हा या सेवेचा पहिला नियम आहे.

मदतीच्या सोयीही आता वाढल्या आहेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ठाण्याची ‘आयपीएच’ ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभारलेली संस्था, व्यसनमुक्तीसाठी पुण्याचे ‘मुक्तांगण’ अशा स्वयंसेवी संस्थाही आहेत. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला उपचारांचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विम्याची तरतूद करणे बंधनकारक केले. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालील व्यक्ती म्हणून पाहावे, हे तत्त्वही याच कायद्याने आणले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारे जुने ३०९ कलम नाही. पोलीस केस होईल या धास्तीने रुग्णाला दवाखान्यात न नेण्याचे कारण आता उरलेले नाही.

कायदा झाला, क्रमांक झाला, औषधेही आहेत. पण तो क्रमांक फिरवण्यासाठी घरातील कोणीतरी ‘याला बरे नाही’ असे म्हणावे लागते. ‘नाटके करतो’, ‘आळशी आहे’, ‘बाहेरचे काहीतरी झाले आहे’ यांऐवजी ‘याला बरे नाही’ हे तीन शब्द ज्या घरात उच्चारले जातील, त्या घरात उपचारांना सुरुवात होईल. आजच्या व्याख्यानातील बाकी सगळे विसरलात तरी चालेल. हे तीन शब्द आणि १४४१६ हा क्रमांक घेऊन घरी जावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.